भिंतीलगतच्या पहिल्या सेलची उंची कशी ठरवावी? संक्षुब्ध प्रवाहाच्या सिम्युलेशनमधील वाय-प्लसचा अंदाज

प्रवाहरेखा

नमस्कार. संक्षुब्ध प्रवाहाचे सिम्युलेशन करताना भिंतीलगतच्या पहिल्या सेलची उंची किती ठेवावी हे मेश, म्हणजे गणनेसाठी जागेचे लहान सेलमध्ये केलेले विभाजन, तयार करण्यापूर्वीच ठरवावे लागते. ज्या वाय-प्लसवरून, म्हणजे भिंतीपासूनच्या परिमाणरहित अंतरावरून, ती ठरवायची, तो मात्र भिंतीवरील घर्षणावर अवलंबून असतो आणि ते घर्षण सिम्युलेशन पूर्ण झाल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सुरुवातीला काहीतरी अंदाज धरण्यावाचून गत्यंतर नाही, हे मला समजते. तो अंदाज किती भरवशाचा आहे आणि तो करताना नेमकी कशाची काळजी घ्यायची, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझ्यापुढची समस्या साधी आहे. १ मीटर लांबीच्या, जवळजवळ सपाट पृष्ठभागावरून हवा २० मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहते. हवेची कायनेमॅटिक श्यानता, म्हणजे श्यानता भागिले घनता, मी ०.००००१५ चौरस मीटर प्रतिसेकंद धरली आहे. वेगवेगळ्या पुस्तकांत घर्षण गुणांकाची वेगवेगळी सूत्रे दिलेली आहेत. काही ठिकाणी वाय-प्लस १ हवा असे म्हटले आहे, तर काही ठिकाणी ३० ते ३०० चालतो असे आहे. यातले कोणते सूत्र घ्यावे, रेनॉल्ड्स अंकासाठी (वेग गुणिले लांबी भागिले कायनेमॅटिक श्यानता) कोणती लांबी धरावी आणि मिळालेले अंतर म्हणजे सेलची उंची समजायची की आणखी काही, असे तीन प्रश्न आहेत.

सीमास्तर

सूत्रांकडे वळण्यापूर्वी हे अंतर इतके महत्त्वाचे का असते ते आपल्याच उदाहरणातील आकड्यांवरून पाहू या, कारण ते एकदा डोळ्यांसमोर आले की पुढील बहुतेक निर्णय सोपे होतात.

आपला रेनॉल्ड्स अंक २० गुणिले १ भागिले ०.००००१५, म्हणजे सुमारे १३ लाख ३३ हजार येतो. पृष्ठभागाच्या अगदी सुरुवातीपासून सीमास्तर, म्हणजे भिंतीलगतचा मंदावलेल्या प्रवाहाचा थर, संक्षुब्ध आहे असे धरले, तर सपाट पट्टीसाठीचे नेहमीचे सूत्र असे आहे: स्थानिक घर्षण गुणांक म्हणजे ०.०५९२ भागिले रेनॉल्ड्स अंकाचा ०.२ घात. त्यावरून शेवटच्या टोकाशी गुणांक ०.००३५३ मिळतो. घर्षण वेग म्हणजे भिंतीवरील कर्तन प्रतिबलाला घनतेने भागून काढलेले वर्गमूळ. मुक्त प्रवाहाच्या वेगाला घर्षण गुणांकाच्या निमपटीच्या वर्गमूळाने गुणले की तोच मिळतो. येथे तो ०.८४ मीटर प्रतिसेकंद आहे. कायनेमॅटिक श्यानतेला या वेगाने भागल्यावर जी लांबी मिळते ती भिंतीलगतची मोजपट्टी समजावी, आणि ती सुमारे १८ मायक्रोमीटर आहे. भिंतीपासूनचे कोणतेही अंतर या लांबीच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे वाय-प्लस.

सीमास्तराची जाडी त्याच टोकाशी सुमारे २२ मिलिमीटर असते. वाय-प्लस ५ पर्यंतच्या श्यान उपस्तराची जाडी मात्र फक्त ०.०९ मिलिमीटर आहे. या उपस्तरात वेग अंतराच्या सम प्रमाणात वाढतो आणि त्याच्या वरच्या कडेला तो ४.२ मीटर प्रतिसेकंद झालेला असतो. सीमास्तराच्या जाडीच्या ०.४ टक्के एवढ्या जागेत मुक्त प्रवाहाच्या वेगाचा पाचवा हिस्सा गाठला जातो. वाय-प्लस ३० म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त अंतर, आणि तेथे वेग ११ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे गेलेला असतो. वेगाचा अर्ध्याहून अधिक बदल ज्या पातळ पट्ट्यात उरकतो, त्या पट्ट्यात आपण किती सेल ठेवतो किंवा तो पट्टा एखाद्या सूत्राच्या हवाली करतो का, एवढाच खरा प्रश्न आहे.

ज्या मॉडेलमध्ये समीकरणे थेट भिंतीपर्यंत सोडवली जातात, त्याला श्यान उपस्तरात अनेक बिंदू हवेत आणि त्यांपैकी पहिला वाय-प्लस १ च्या आसपास असावा लागतो. वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतच्या पट्ट्याचे गणित न करता तेथील वेग देणारे सूत्र, वापरायचे असेल, तर पहिला बिंदू लॉग थरात, म्हणजे वेग अंतराच्या लॉगरिदमनुसार वाढतो त्या वरच्या थरात हवा, कारण फॉन कारमान यांच्या १९३० च्या कामातून आलेल्या लॉगरिदमिक नियमावरच ते फंक्शन उभे असते. त्या नियमातील कारमान स्थिरांक ०.४१ च्या आसपास आणि दुसरा स्थिरांक ५ च्या आसपास धरतात.

आता आपला पहिला प्रश्न. तीन सूत्रे एकाच रेनॉल्ड्स अंकासाठी लावून पाहा. वरील घातसूत्र ०.००३५३ देते. रेनॉल्ड्स अंकाचा दशमान लॉगरिदम घेऊन त्याच्या दुपटीतून ०.६५ वजा करून त्याचा वजा २.३ घात घेणारे श्लिख्टिंग यांचे सूत्र ०.००३५६ देते. एक सप्तमांश घाताच्या वेगवक्रातून निघणारे ०.०२७ भागिले रेनॉल्ड्स अंकाचा एक सप्तमांश घात हे सूत्र ०.००३६० देते. तिन्हींमधला फरक दोन टक्क्यांचा आहे, आणि अंतराच्या सूत्रात हा गुणांक वर्गमूळाखाली येत असल्यामुळे प्रत्यक्ष अंतरात तो एका टक्क्यावर उतरतो. गुणांक २० टक्क्यांनी चुकला तरी अंतर सुमारे १० टक्क्यांनीच चुकते. त्यामुळे कोणते सूत्र चांगले, या प्रश्नात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच सावधगिरी ठेवावी: संपूर्ण पट्टीचा सरासरी गुणांक देणारे ०.०७४ चे सूत्र आणि स्थानिक गुणांक देणारे ०.०५९२ चे सूत्र यांची गल्लत करू नये.

जाळीकाम

सूत्रांविषयी सीमास्तर यांनी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे, कारण तेथे होणारी चूक एक-दोन टक्क्यांची नसून दुपटीची असते.

वाय-प्लसच्या सूत्रातील अंतर म्हणजे भिंतीपासून पहिल्या गणनबिंदूपर्यंतचे अंतर. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारी संगणकप्रणाली, सेल-केंद्रित असेल, म्हणजे वेग आणि दाब सेलच्या मध्यबिंदूशी साठवत असेल, तर हे अंतर सेलच्या उंचीच्या निम्मे असते. ओपनफोम आणि फ्लुएंट या दोन्ही सॉल्व्हरमध्ये असेच आहे. म्हणून आपल्या उदाहरणात वाय-प्लस १ साठी मध्यबिंदू १८ मायक्रोमीटरवर आणि सेलची उंची ३६ मायक्रोमीटर असायला हवी. सॉल्व्हर शिरोबिंदूंवर मूल्ये साठवत असेल, तर पहिला शिरोबिंदूच १८ मायक्रोमीटरवर येतो आणि सेलची उंचीही तेवढीच राहते. मेश तयार करणाऱ्या साधनात आपण नेहमी सेलची उंची भरतो आणि अंदाज देणारी गणनयंत्रे बहुधा बिंदूचे अंतर देतात. दोन आकड्यांपैकी आपल्या हातात कोणता आहे, हे दरवेळी तपासावे.

आता थरांच्या संख्येविषयी. पहिल्या सेलनंतर प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा ठरावीक पटीने जाड केला जातो, आणि हे गुणोत्तर १.२ च्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. ३६ मायक्रोमीटरपासून सुरुवात करून या गुणोत्तराने २२ मिलिमीटरचा सीमास्तर व्यापायला २७ थर लागतात. गुणोत्तर १.३ केले तर २० थरांत काम भागते, पण सीमास्तराच्या मधल्या भागात मेश विरळ होते, आणि वेगवक्राची वक्रता तेथेही बरीच असते. घर्षणाचे आकडे हवे असतील तर मी १.२ च्या वर जात नाही.

बऱ्याच जणांना एक गोष्ट लक्षात येत नाही. पहिल्या सेलची उंची निम्मी केली, तर १.२ च्या गुणोत्तराने फक्त सुमारे चार थर वाढतात, कारण १.२ चा चौथा घात २ च्या अगदी जवळ आहे. अंदाज सावधपणे, म्हणजे वाय-प्लस १ ऐवजी ०.५ धरून केला, तर २७ चे ३१ थर होतात. एवढ्या किमतीत अंदाजातल्या सगळ्या अनिश्चिततेसाठी जागा मिळत असेल, तर ती घ्यावी.

आणखी दोन बाबी. पहिली अशी की शेवटच्या थराची जाडी आणि त्याबाहेरील मेशचा आकार यांत मोठी तफावत नसावी. वरील २७ थरांच्या मांडणीत शेवटचा थर सुमारे ४ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे बाहेरचे सेल तेथे ४ ते ५ मिलिमीटरचे असावेत. थरांवरून एकदम २० मिलिमीटरच्या सेलवर उडी घेतली, तर सीमास्तराच्या कडेलाच संख्यात्मक त्रुटी जमते. दुसरी अशी की भिंतीला समांतर दिशेने सेल १० मिलिमीटर लांब असेल, तर पहिल्या सेलच्या लांबी-उंचीचे प्रमाण २८० होते. हा आकडा मोठा वाटतो, पण सेल भिंतीला समांतर असतील आणि प्रवाहही त्याच दिशेने असेल, तर सरासरी समीकरणांच्या, म्हणजे संक्षोभाचे चढउतार मॉडेलवर सोपवणाऱ्या, सिम्युलेशनमध्ये ते चालते. अशा मेशवर गणित दुहेरी अचूकतेने करावे.

प्रवाहरेखा

दोघांचेही आभार. निम्म्या उंचीला फक्त चार थर जास्त लागतात, हे मला नवीन होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. सपाट पृष्ठभागासाठी लांबी कोणती धरायची ते कळले, पण पाईपमधील प्रवाहासाठी काय करावे? एका सहकाऱ्याने पाईपची संपूर्ण लांबी घेऊन सपाट पट्टीचे सूत्र लावले होते. समजा, १०० मिलिमीटर व्यासाच्या पाईपमधून पाणी १ मीटर प्रतिसेकंद सरासरी वेगाने वाहते आणि पाईप ५ मीटर लांब आहे.

सीमास्तर

पूर्ण विकसित पाईप-प्रवाहात सीमास्तर मध्यरेषेपर्यंत पोहोचलेला असतो आणि त्यापुढे तो वाढत नाही. त्यामुळे तेथील घर्षणाला पाईपच्या लांबीची काहीच माहिती नसते, ते व्यासावर ठरते. व्यासावरून रेनॉल्ड्स अंक १ लाख येतो. १९१३ मध्ये ब्लाझियस यांनी दिलेल्या सूत्राने घर्षण घटक ०.३१६ भागिले रेनॉल्ड्स अंकाचा पाव घात, म्हणजे ०.०१७८ मिळतो. हे सूत्र गुळगुळीत पाईपसाठी आणि साधारण १ लाखापर्यंतच्या रेनॉल्ड्स अंकासाठी वापरावे. डार्सी पद्धतीचा हा घटक असल्यामुळे घर्षण वेग काढताना त्याला ८ ने भागून वर्गमूळ घ्यावे आणि सरासरी वेगाने गुणावे. ०.०४७ मीटर प्रतिसेकंद मिळतात, आणि वाय-प्लस १ चे अंतर २१ मायक्रोमीटर येते.

आपल्या सहकाऱ्याच्या पद्धतीने ५ मीटरवर ५० लाखांचा रेनॉल्ड्स अंक धरून अंतर २७ मायक्रोमीटर येते, म्हणजे सुमारे २८ टक्के जास्त. फरक फार मोठा नाही, आणि तो वर्गमूळाच्या कृपेने लहान राहिला आहे. तरी पद्धत चुकीचीच आहे, कारण पाईप ५० मीटर लांब असता तर याच पद्धतीने उत्तर आणखी बदलले असते आणि प्रत्यक्षात भिंतीजवळ काहीच बदललेले नसते.

यातून सर्वसाधारण नियम असा निघतो की ज्या लांबीवर त्या ठिकाणचा सीमास्तर घडला आहे, ती लांबी घ्यावी. पट्टीसाठी आणि पंखासाठी अग्रकडेपासूनचे अंतर, पाईपसाठी व्यास, चौकोनी नळीसाठी जलीय व्यास (क्षेत्रफळाच्या चौपटीला परिमितीने भागून मिळणारा). बोथट वस्तूच्या बाबतीत वस्तूची रुंदी घेण्याची पद्धत आहे, पण तेथे अंदाज खूप ढोबळ राहतो, कारण वस्तूच्या बाजूने वेग मुक्त प्रवाहापेक्षा वाढतो आणि मागे प्रवाह सुटतो.

वर्तुळगती

धागा उपयुक्त आहे. मला वाय-प्लस ३० ते ३०० या सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या नियमाविषयी लिहायचे आहे, कारण तो ज्या विश्वासाने सांगितला जातो तेवढा विश्वास त्यावर ठेवण्यासारखा नाही.

लॉग थराची खालची मर्यादा सुमारे ३० असते, हे ठीक. त्याची वरची मर्यादा मात्र सीमास्तराच्या जाडीवर अवलंबून असते आणि ती जाडीच्या साधारण १५ टक्क्यांवर येते. आपल्या उदाहरणात सीमास्तराची २२ मिलिमीटर जाडी भिंतीच्या मोजपट्टीत सुमारे १२३० येते, म्हणजे लॉग थर १८५ च्या आसपास संपतो. या प्रवाहात ३०० वर बिंदू ठेवणे नियमात बसत असले, तरी तेथे लॉग नियम लागू नाही. आता याच पट्टीवर अग्रकडेपासून फक्त १० सेंटिमीटरवर या. तेथे सीमास्तर साडेतीन मिलिमीटर जाड असतो आणि मोजपट्टीत तो सुमारे २४५ भरतो. तेथील लॉग थर ३० ते ३७ एवढाच उरतो. शेवटच्या टोकाला वाय-प्लस ५० मिळावा म्हणून १.८ मिलिमीटर उंचीचा पहिला सेल ठेवला, तर या ठिकाणी अर्धा सीमास्तर एकाच सेलमध्ये मावतो आणि त्या सेलचा मध्यबिंदू ६३ वर, लॉग थराच्या बाहेर पडतो.

रेनॉल्ड्स अंक आणखी कमी झाला की ही दोन टोके एकमेकांना भिडतात. किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समांतर भिंतींमधील प्रवाहाच्या थेट, म्हणजे संक्षोभाचे मॉडेल न वापरता केलेल्या, सिम्युलेशनमध्ये अर्धी रुंदी भिंतीच्या मोजपट्टीत सुमारे १८० होती. १८० चे १५ टक्के म्हणजे २७. अशा प्रवाहात वॉल फंक्शनसाठी योग्य जागाच नसते. कमी रेनॉल्ड्स अंकाच्या प्रवाहात मेश स्वस्त असते, तेव्हा भिंतीपर्यंत गणित करावे. उलट जहाजाच्या किंवा विमानाच्या पूर्ण आकाराच्या प्रवाहात लॉग थर हजारोंपर्यंत पसरतो, आणि तेथे वॉल फंक्शन खरोखर उपयोगाचे ठरते.

म्हणून वॉल फंक्शनच्या मेशसाठी दोन अंदाज करावेत, एक घर्षण वेगाचा आणि दुसरा सीमास्तराच्या जाडीचा. दुसरा अंदाज सहसा केलाच जात नाही.

प्रवाहरेखा

मग बफर थराचे काय? ५ ते ३० मध्ये बिंदू पडला तर नेमके काय बिघडते? आजच्या बहुतेक सॉल्व्हरमध्ये स्वयंचलित भिंत-उपचार असतो आणि त्यामुळे वाय-प्लसची चिंता करू नये, असे सांगितले जाते.

सीमास्तर

रेषीय नियम आणि लॉग नियम वाय-प्लस ११ च्या जवळ एकमेकांना छेदतात. फ्लुएंटमध्ये हा छेद ११.२२५ धरला आहे. जुन्या पद्धतीच्या वॉल फंक्शनमध्ये या आकड्याखाली एक नियम आणि वर दुसरा नियम वापरतात. या छेदबिंदूशी दोन्ही नियम वेगाचे मूल्य घर्षण वेगाच्या सुमारे ११ पट सांगतात. प्रत्यक्षात ते ९ च्या आसपास असते. म्हणजे नेमके जेथे दोन्ही नियम एकमत होतात, तेथेच दोन्ही सर्वाधिक चुकतात. शिवाय संक्षोभाच्या गतिज ऊर्जेची निर्मिती वाय-प्लस १२ च्या जवळ सर्वाधिक असते, त्यामुळे त्या जागी ठेवलेला एकमेव बिंदू सेलभरातील निर्मितीचे चांगले प्रतिनिधित्व करू शकत नाही.

१९६१ मध्ये स्पाल्डिंग यांनी तिन्ही थरांना जोडणारे एकच सूत्र दिले, आणि वेगापुरता हा प्रश्न त्याने बराच सुटतो. स्वयंचलित उपचारांमध्येही असेच मिश्रण असते. त्यामुळे मोठ्या भूमितीच्या काही भागांत वाय-प्लस १० आला, तर सिम्युलेशन वाया गेले असे समजू नये. पण मेशची आखणीच तशी करणे मला मान्य नाही. मिश्रण हे अपरिहार्य ठिकाणी होणारे नुकसान कमी करण्यासाठी असते.

मेंटर यांच्या १९९४ च्या एसएसटी या संक्षोभ मॉडेलमध्ये पहिल्या अंतराचा प्रभाव आणखी थेट आहे. त्यात भिंतीवर ओमेगाचे (संक्षोभाच्या ऊर्जेच्या क्षयाच्या विशिष्ट दराचे) मूल्य कायनेमॅटिक श्यानतेच्या ६० पटीला ०.०७५ आणि पहिल्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागून देतात. १८ मायक्रोमीटरसाठी ते सुमारे पावणेचार कोटी प्रतिसेकंद येते. अंतर निम्मे केले की हे मूल्य चौपट होते. मेश विरळ असेल, तर भिंतीवरची ही अटच चुकीची ठरते आणि घर्षण त्यानुसार बदलते. स्पालार्ट-ऑलमारस या एका समीकरणाच्या संक्षोभ मॉडेलमधील चल भिंतीजवळ जवळजवळ रेषीय वागतो, म्हणून ते थोडी विरळ मेश अधिक सहन करते, तरी तेथेही १ च्या आसपासच राहावे.

उष्मावाहक

उष्णता-वहनाचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. वाय-प्लस हा वेगाच्या सीमास्तरासाठी आहे. तापमानाचा भिंतीलगतचा पातळ थर प्रांटल अंकावर, म्हणजे कायनेमॅटिक श्यानता आणि उष्णतेचे विसरण यांच्या गुणोत्तरावर, अवलंबून असतो आणि १ पेक्षा मोठ्या प्रांटल अंकासाठी त्याची जाडी साधारण त्या अंकाच्या घनमूळाने कमी होते. पाण्याचा प्रांटल अंक ७ च्या आसपास धरला, तर हा थर जवळजवळ निम्मा पातळ असतो. म्हणून पाण्यात उष्णता-वहन गुणांक हवा असेल, तर वाय-प्लस ०.५ धरूनच आखणी करावी. प्रांटल अंक १०० असलेल्या तेलासाठी तोच थर साडेचारपटीहून अधिक पातळ होतो. द्रवरूप धातूंमध्ये परिस्थिती उलट असते आणि तेथे वेगाचाच थर निर्णायक राहतो.

वायूचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ किंवा त्याहून अधिक असेल, किंवा भिंत खूप गरम वा थंड असेल, तर घनता आणि श्यानता भिंतीच्या तापमानाची घ्यावी. थंड भिंतीजवळ वायू दाट आणि कमी श्यान असतो, त्यामुळे मोजपट्टीची लांबी मुक्त प्रवाहावरून काढलेल्या अंदाजापेक्षा बरीच लहान निघू शकते.

जाळीकाम

सिम्युलेशन झाल्यानंतरच्या तपासणीविषयी लिहितो. तीच या सगळ्याची खरी कसोटी आहे, कारण अंदाज कितीही काळजीपूर्वक केला तरी तो सपाट पट्टीचा असतो आणि आपली भूमिती सपाट पट्टी नसते.

संपूर्ण पृष्ठभागावरील सरासरी वाय-प्लस पाहून समाधान मानू नये. पृष्ठभागावर त्याचा रंगनकाशा काढावा आणि कमाल मूल्य कोठे आहे ते पाहावे. पंखावर ते अग्रकडेजवळच्या वेगवान पट्ट्यात असते, वळणावर आतील बाजूस असते. प्रवाह जेथे सुटतो, पुन्हा चिकटतो किंवा थांबतो, त्या रेषांवर भिंतीवरील कर्तन प्रतिबल शून्य होते, म्हणून वाय-प्लसही शून्याकडे जातो. तेथे तो कमी दिसला याचा अर्थ मेश चांगली आहे असा होत नाही. सुटलेल्या प्रवाहाच्या भागात वॉल फंक्शनचा ३० चा नियम सर्वत्र पाळणे अशक्य असते. म्हणूनच अनेक सॉल्व्हर घर्षण वेगाऐवजी संक्षोभाच्या गतिज ऊर्जेच्या वर्गमूळावरून वेगाचे परिमाण काढतात. त्यासाठी त्या वर्गमूळाला ०.०९ च्या चतुर्थमूळाने, म्हणजे ०.५५ ने गुणतात. पुन्हा चिकटण्याच्या रेषेवर कर्तन शून्य असले तरी ही ऊर्जा शून्य नसते.

सुधारणा करणे सोपे आहे. भिंतीपर्यंत गणित केलेल्या सिम्युलेशनमध्ये कमाल वाय-प्लस २.४ आला आणि १ हवा असेल, तर पहिली उंची २.४ ने भागावी. घर्षण वेग मेश बदलल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीत आकडा बहुधा जागेवर येतो.

मेश-स्वातंत्र्याच्या, म्हणजे मेश बारीक केल्यावर उत्तर बदलत नाही ना हे पाहण्याच्या, तपासणीत मात्र एक धोका आहे, आणि तो मला अहवालांमध्ये वारंवार दिसतो. वॉल फंक्शन वापरून सर्व दिशांनी मेश दुप्पट बारीक करत गेले, तर वाय-प्लस ६० वरून ३० वर आणि मग १५ वर येतो. पहिल्या दोन मेश लॉग थरात असतात, तर तिसरी बफर थरात. मग उत्तर बदलले तर तो बदल मेशमुळे झाला की भिंतीच्या मॉडेलमुळे, हे वेगळे करता येत नाही. त्या तपासणीत पहिल्या सेलची उंची स्थिर ठेवून बाकीची मेश बारीक करावी. भिंतीपर्यंत गणित करत असाल, तर उंचीही बारीक करत जावी. नासाच्या टर्ब्युलन्स मॉडेल पडताळणीच्या संकेतस्थळावरील सपाट पट्टीच्या उदाहरणात सर्वात बारीक मेश ५४५ गुणिले ३८५ बिंदूंची आहे आणि तिच्यात वाय-प्लस सुमारे ०.१ पर्यंत खाली जातो. मॉडेलचे समीकरण आपल्या सॉल्व्हरमध्ये बरोबर बसवले आहे का, हे पाहण्यासाठी ते उदाहरण प्रत्येकाने एकदा चालवावे.

प्रवाहरेखा

यानंतर माझी आखणी अशी ठरली आहे. एसएसटी मॉडेल, वाय-प्लस ०.५ चे लक्ष्य, पहिल्या सेलची उंची १८ मायक्रोमीटर, गुणोत्तर १.२ आणि ३१ थर. पुढे याच पृष्ठभागाचे लार्ज एडी (मोठे भोवरे थेट सोडवणारे) सिम्युलेशन करण्याचा विचार आहे. हीच मेश तेथे वापरता येईल का?

वर्तुळगती

भिंतीला लंब दिशेने पहिली उंची पुरेशी आहे, बाकी काहीच पुरेसे नाही. लार्ज एडी सिम्युलेशनमध्ये भिंतीलगतचे वेगपट्टे आणि भोवरे प्रत्यक्ष पकडायचे असतात. त्यामुळे भिंतीच्या मोजपट्टीत प्रवाहाच्या दिशेने सेल सुमारे ५० ते १०० आणि आडव्या दिशेने १५ ते ३० लांबीचे असावे लागतात. आपल्या प्रवाहात ५० म्हणजे ०.९ मिलिमीटर आणि २० म्हणजे ०.३६ मिलिमीटर. १ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर रुंद पट्ट्यासाठी भिंतीवर ३ लाखांहून अधिक सेल होतात, आणि लंब दिशेने ६० सेल धरले तर एकूण सुमारे १ कोटी ९० लाख. १० मिलिमीटर लांबीचे सेल ठेवून हे सिम्युलेशन चालेल, उत्तरही देईल, पण त्या उत्तरातील घर्षण साफ चुकीचे असेल. वाय-प्लस १ पेक्षा कमी आहे, एवढ्यावर लार्ज एडी मेशला चांगली म्हणता येत नाही.

सीमास्तर

एसएसटीच्या आखणीबाबत एक भर. ०.८४ मीटर प्रतिसेकंदाचा घर्षण वेग आपण शेवटच्या टोकाचा घेतला आहे, आणि संक्षुब्ध सीमास्तरात तो अग्रकडेकडे जाताना अंतराच्या ०.१ घाताने वाढतो. १० सेंटिमीटरवर तो १.२६ पट असतो, १ सेंटिमीटरवर सुमारे १.६ पट. त्यामुळे ०.५ चे लक्ष्य ठेवल्यास अग्रकडेपासून १ सेंटिमीटरवरही वाय-प्लस ०.८ च्या आत राहील. अग्रकडेच्या त्याहून जवळ सपाट पट्टीचे सूत्र लागूच होत नाही. तेथे अग्रकडेची गोलाई आणि प्रवाह स्तरीय आहे की संक्षुब्ध, हे ठरवते. पृष्ठभाग पूर्ण सपाट नसून जवळजवळ सपाट असल्याचे आपण म्हटले आहे, म्हणून पहिल्या सिम्युलेशननंतर रंगनकाशातील तो पुढचा पट्टा आधी पाहावा आणि तेथील कमाल मूल्य १ च्या वर गेले, तर फक्त त्या भागातील पहिली उंची त्या पटीने कमी करावी. बाकी थर आहेत तसेच ठेवता येतील.